फोटोत न आलेले ताट

"अगं, आमटी गार होतेय. आधी जेव, मग काढ तुझे फोटो!"

हे वाक्य गेल्या दोन वर्षांत आईने मला किती वेळा ऐकवले असेल याची गणती नाही. आणि दर वेळी मीही तिला एकच उत्तर दिले, "आई, फोटो काढणं हेच तर माझं काम आहे!"

सांगली आणि बुधगाव यांच्या मधले आमचे माधवनगर. येथे कोणाची मुलगी काय करते, याची उत्तरे ठरलेली असतात. शाळेत आहे, बँकेत आहे, मिरजेला दवाखान्यात आहे. फार तर पुण्याला कंपनीत आहे. मी घरातच बसून एका दूरच्या शहरातील कंपनीचे काम करते, आणि ते काम म्हणजे मोबाइलवरच्या आहारविषयक अॅपची आखणी, हे शेजारच्या काकूंना समजावताना माझी पुरेवाट झाली. सगळे ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे जेवणाचे फोटो काढायचे पैसे मिळतात म्हण की! आमच्या वेळी जेवल्यावर दक्षिणा मिळायची, ती फक्त भटजींना."

काकूंचे काही चुकले नव्हते. पण काम दिसते तेवढे सोपेही नव्हते. त्यात माझी जी फजिती झाली आणि त्या फजितीतून जे मला कळले, तेच आज सांगणार आहे.

आपण काय खातो याची नोंद ठेवावी, हा उपदेश डॉक्टर मंडळी पूर्वीपासून करीत आली आहेत. मोबाइल आल्यावर वहीची जागा अॅपने घेतली. आपल्या देशात या विषयाला एका वेगळ्याच प्रयोगाची पार्श्वभूमी आहे. २०११ साली तुषार वशिष्ठ आणि मॅथ्यू चेरियन या दोन तरुणांनी सामान्य भारतीयाच्या उत्पन्नात जगून पाहायचे ठरवले. आधी रोज शंभर रुपयांत आणि मग केरळातील एका खेड्यात रोज बत्तीस रुपयांत. एवढ्या पैशांत पोटात किती उष्मांक पडतात, हा हिशेब त्यांना रोजच करावा लागला. पुढे २०१२ साली बंगळुरात 'हेल्दीफायमी' ही कंपनी निघाली, तिच्या संस्थापकांत हे दोघे होते. आज अशी कितीतरी अॅप्स आहेत. आमचे त्यांतलेच एक, धाकटे.

अडचण सगळ्यांची एकच. माणूस चार दिवस उत्साहाने लिहितो, "ज्वारीची भाकरी एक, वांग्याची भाजी एक वाटी, ताक एक पेला." पाचव्या दिवशी कंटाळतो. पाडव्याला सुरू केलेली जमाखर्चाची वही भाऊबीजेनंतर कोरी राहते, तसेच. तेव्हा कंपनीत असे ठरले की लिहिण्याची कटकटच नको. ताटाचा फोटो काढावा, बाकीचे यंत्राने पाहावे. ही सोय आखण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी प्रयोगाला बसवले आई-बाबांना. दोघांनाही मधुमेह. दोघेही साठीच्या पुढचे. शिवाय फुकटात मिळालेले!

फोटोवरून हिशेब करायचा म्हणजे यंत्राला तीन कामे करावी लागतात. ताटात काय आहे ते ओळखायचे, किती आहे ते मोजायचे आणि त्यातून शरीराला काय मिळेल याचा हिशेब करायचा. यांतले प्रत्येक काम मला आमच्या स्वयंपाकघराने नव्याने शिकवले.

प्रथम ओळख. यंत्राला पदार्थ ओळखायला शिकवतात ते लहान मुलाला चित्रांचे पुस्तक दाखवतात तसे. नाव लिहिलेली हजारो चित्रे त्याच्यापुढून फिरवायची. २०१४ साली स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या संशोधकांनी असा एक प्रसिद्ध संग्रह तयार केला. १०१ पदार्थ, प्रत्येकाची हजार छायाचित्रे. त्यात आपला समोसा आहे, पण भाकरी नाही! नंतरच्या काळात भारतीय पदार्थांचेही संग्रह झाले, आमच्या कंपनीनेही केला. तरी पहिल्या आठवड्यात आमच्या यंत्राने पिठल्याला कस्टर्ड म्हटले, थालिपिठाला पिझ्झा ठरवले आणि शेंगदाण्याच्या चटणीपुढे 'माती?' असे प्रश्नचिन्ह टाकले. बाबा म्हणाले, "तुझ्या यंत्राला चार दिवस सांगलीला पाहुणं बोलाव. भडंग खाल्ल्याशिवाय त्याचं शिक्षण पुरं व्हायचं नाही."

यातून मी पहिला धडा घेतला. यंत्राने निकाल द्यायचा नाही, विचारायचे. "हे पिठले आहे का?" असे विचारून खाली आणखी दोन-तीन नावे द्यायची. अंगठ्याने एक निवडले की झाले. चुकीची गोष्ट ठामपणे सांगणाऱ्या यंत्रापेक्षा अदबीने विचारणारे यंत्र घरात टिकते. हे माणसांच्या बाबतीतही खरे आहे म्हणा!

दुसरे काम मापाचे. फोटो सपाट असतो आणि वाटी खोल. वरून काढलेल्या फोटोत आमटीचे पिवळे वर्तुळ दिसते, खाली किती आहे हे कसे कळावे? चमच्याच्या लांबीवरून, ताटाच्या रुंदीवरून यंत्र अंदाज बांधते. २०१५ साली गूगलच्या संशोधकांनीही फोटोवरून उष्मांक काढण्याचा एक प्रयत्न मांडला होता, त्यांनाही अन्नाची खोली किती हा प्रश्न सोडवत बसावे लागले. आमच्या अॅपने एक वाटी म्हणजे दोनशे मिलिलिटर असे धरले होते. मी औषधाच्या मापाने पाणी घालून आमच्या वाट्या मोजल्या. रोजची वाटी १२० मिलिलिटरची निघाली, बाबांची 'स्वतःची' वाटी १८० ची. एकाच घरात दोन मापे!

तेव्हा मला आमच्याच जिल्ह्यातल्या कमलाबाई ओगले आठवल्या. १९७० साली निघालेले त्यांचे 'रुचिरा' कोणत्या मराठी घरात नाही? त्या पुस्तकाची खुबी अशी की मापे वाटी-चमच्याची. नव्या सुनेला तराजू शोधावा लागत नाही. कमलाबाईंना जे उमगले होते ते आम्हा तंत्रज्ञांना उमगायला पन्नास वर्षे लागली. मी अॅपमध्ये सोय केली की पहिल्याच दिवशी आपली वाटी एकदा पाण्याने मोजून नोंदवायची. पुढे सगळा हिशेब 'आपल्या' वाटीने.

भाकरीचेही तसेच. अॅपची भाकरी साठ ग्रॅम पिठाची, म्हणजे सुमारे दोनशे उष्मांकांची. आईने थापायला घेतलेले पीठ मी गुपचूप तोलले, तर ते ८५ ग्रॅम भरले. म्हणजे आईची एक भाकरी हिशेबातली जवळजवळ दीड. हे बाबांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मी तर डॉक्टरांना दोनच भाकरी सांगत आलो!" ते म्हणाले.

तिसरे काम हिशेबाचे. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅमला चार उष्मांक, स्निग्ध पदार्थांच्या ग्रॅमला नऊ, हे गणित अमेरिकेतील अॅटवॉटर या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालून दिले आणि ढोबळ मानाने ते आजही चालते. आपल्या धान्य-भाज्यांचे आकडे देणारी संस्था म्हणजे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था. १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरी या रोगाच्या अभ्यासासाठी एका खोलीएवढ्या व्यापाने काम सुरू झाले, १९५८ साली ते हैदराबादला गेले आणि आज ती देशातली या विषयातील मोठी संस्था आहे. २०१७ साली तिने ५२८ खाद्यपदार्थांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. पण त्यात बहुतेक जिन्नस कच्चे आहेत. तूरडाळ सापडेल, आईची आमटी सापडणार नाही. ती डाळ, पाणी, गूळ आणि फोडणी यांतून आपणच उभी करायची.

आणि येथेच फोटो हात टेकतो. गूळ दिसत नाही. पुरणपोळीखाली मुरलेले तूप दिसत नाही. भरल्या वांग्यावरची तर्री दिसते, आत मुरलेले तेल दिसत नाही. यंत्र आमच्या घरी माणशी रोज पंधरा ग्रॅम तेल दाखवत होते. मला संशय आला. मी वाण्याच्या यादीकडे वळले. महिन्याला चार लिटर तेल, खाणारी तोंडे तीन. लिटरभर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम धरा, म्हणजे माणशी रोज चाळीस ग्रॅम! राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार उष्मांकांच्या दिवसासाठी जे आदर्श ताट सांगितले, त्यात तेल-तूप २७ ग्रॅम आहे. कॅमेऱ्याने दोन महिन्यांत जे पाहिले नाही, ते वाण्याच्या यादीने दोन मिनिटांत सांगितले. आता आमचे अॅप महिन्याला एकदा विचारते, "या महिन्यात तेल किती आणले?" मुंबई-पुण्याच्या वाचकांनीही हा हिशेब घरी करून पाहावा. त्याला मोबाइल लागत नाही.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. मग बाबांनी चोरी सुरू केली.

अॅपमध्ये मीच एक शहाणपणा केला होता. ठरल्यापेक्षा जास्त खाल्ले की ताटाभोवती लाल वर्तुळ येई. परिणाम असा झाला की बाबा जेवणाचे फोटो नियमित काढीत, पण समोरच्यांकडे सत्यनारायणाला गेले की मोबाइल घरी विसरत. प्रसादाचा शिरा त्यांच्या नोंदीत कधीच आला नाही. मी विचारले तर म्हणाले, "प्रसादाचा फोटो काढू नये गं." त्यांना दोष कसा द्यावा? १९९२ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. वजन काही केल्या उतरत नाही अशी तक्रार असलेल्या माणसांनी सांगितलेला आहार आणि शास्त्रीय पद्धतीने काढलेला प्रत्यक्ष आहार यांत तफावत निघाली. ही मंडळी सरासरीने आपला आहार ४७ टक्क्यांनी कमी सांगत होती. सगळीच खोटे बोलत होती असे नव्हे. माणूस विसरतो, लाजतो आणि आपल्याला बरे वाटेल तेवढेच आठवतो. त्यात लाल वर्तुळ दाखवले की तो आठवणेच सोडून देतो. मी ते वर्तुळ काढून टाकले. शिरा पुन्हा नोंदीत दिसू लागला.

मी खूश झाले. माझी सोय चांगली चालली होती. बाबांची साखर थोडी आटोक्यात आली होती. कंपनीत मी अभिमानाने सांगत असे की माझ्या घरी दोन्ही माणसे हे वापरतात.

आणि एका दुपारी ती गोष्ट घडली. घरी पाहुणे येऊन गेले होते. अडीच वाजले असतील. मी वर काम करीत होते. खालून भांडे पडल्याचा आवाज आला. धावत गेले तर आई ओट्याला धरून उभी, कपाळावर घामाचे थेंब, हात थरथरताहेत, आणि मी काय विचारते त्याला धड उत्तर नाही. बाबांनी साखर मोजण्याचे यंत्र आणले. आकडा ५८! सत्तरच्या खाली गेले की धोक्याची सीमा. मी पाण्यात तीन चमचे साखर ढवळून तिला पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, तेव्हा आकडा वर आलेला दिसला. मग मी तिला जेवू घातले. अर्ध्या तासाने ती हसून म्हणाली, "काही नाही गं, जरा उशीर झाला जेवायला."

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारले, "काय खाता ते नंतर बघू. रोज केव्हा खाता, ते सांगा." मी मोठ्या ऐटीत मोबाइल काढला. चाळीस दिवसांची नोंद होती माझ्याकडे! बाबांचे दुपारचे फोटो एकामागून एक, साडेबाराच्या ठोक्याला, ताट चकचकीत. मग आईची पाने उघडली. सकाळचा चहा होता. रात्रीचे जेवण अधूनमधून होते. दुपारचे एकही नाही. चाळीस दिवसांत एकही नाही.

"आई, तू दुपारचे फोटो का नाही काढलेस?"

ती ओशाळली. म्हणाली, "कशाचा काढू? ताट कुठं असतं माझं?"

मग हळूहळू सगळे कळले. बाबांना वाढायचे, त्यांचा फोटो तिनेच काढायचा, कारण त्यांचा हात हलतो. मला वर ताट आणून द्यायचे. मग ओटा आवरताना कढईतली उरलेली भाजी, अर्धी भाकरी, भाताची खरपुडी, असे उभ्याउभ्याच पोटात ढकलायचे. कधी दोनला, कधी तीनला. एखादे दिवशी उरले नाही तर नुसता चहा. आणि मधुमेहाची गोळी मात्र नेमाने सकाळी आठला! साखर उतरवणारी गोळी वेळेवर आणि जेवण बेवक्त, म्हणजे काय होणार हे डॉक्टरांनी आम्हांला कागदावर आकृती काढून समजावले. गोळीची मात्राही त्यांनी बदलली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी भाकरीचे पीठ तोलले होते, वाटीत पाणी मोजले होते, तेलाचा हिशेब लावला होता. पण ज्या हातांनी ती भाकरी थापली, ते हात केव्हा जेवतात हे दोन महिने एका छपराखाली राहून मी पाहिले नव्हते. यंत्राला ताट दिसले नाही, तेव्हा त्याने असे धरले की आईने नोंद केली नाही. आणि मीही तेच धरले.

सोमवारी मी कंपनीच्या बैठकीत सांगितले की मला आणखी एक कळ हवी आहे. फोटोच्या कळीशेजारीच, तेवढीच मोठी. तिच्यावर लिहायचे, 'ताट नव्हते'. सहकारी हसले. एकाने विचारले, "फोटोच्या सोयीत फोटो नसल्याची कळ? मग सोय कशाला?" मी आईची हकीगत सांगितली. मग प्रयोगासाठी घेतलेल्या काही बायकांना आम्ही फोन केले. एकीने सांगितले, मुलाच्या डब्यातले परत आलेले हेच आपले दुपारचे जेवण. दुसरी म्हणाली, चव बघता बघताच पोट भरते. बैठकीत नंतर कोणी हसले नाही.

ती कळ आज आहे. ती दाबली की यंत्र उपदेश करीत नाही. दोनच गोष्टी विचारते. केव्हा खाल्ले आणि साधारण किती, अर्धपोटी की पोटभर? जेवणाची ठरलेली वेळ टळून गेली आणि नोंद आली नाही, तर ते 'फोटो काढा' म्हणत नाही, 'जेवलात का?' असे विचारते. आणखी एक सूचना आम्ही ठळक अक्षरांत लिहिली. फोटोवरचा आकडा हा अंदाज आहे. त्यावरून औषधाची मात्रा आपल्या मनाने कमीजास्त करू नये. आणि फोटोत ताटच यावे, ताटामागची माणसे व घर येऊ नये, म्हणून चौकट लहान केली. ताट ओळखून झाल्यावर फोटो पुसून टाकण्याची मुभाही ठेवली. घरातल्या गोष्टी घरातच राहिलेल्या बऱ्या.

आमच्या घरातही एक बदल झाला, तो मात्र कोणत्याही अॅपमध्ये नाही. साडेबाराला आता तीन ताटे एकदम मांडली जातात. मी खाली येते. भाकऱ्या आधी होतात. गरम भाकरीचा बाबांचा हट्ट त्यांनी स्वतःच सोडला. ताक तेच वाढतात, थोडे सांडतातही. पहिल्या दिवशी आईने आपल्या ताटाचा फोटो काढला, त्यात निम्मे ताट आणि निम्मा तिचा अंगठा आला. यंत्राने नम्रपणे विचारले, "ही रताळ्याची फोड आहे का?" आम्ही इतके हसलो की आमटी खरोखरच गार झाली.

दिवाळी तोंडावर आली आहे. चकलीची भाजणी दळून आली, लाडवांचा पाक आज व्हायचा आहे. बाबांनी काल हळूच विचारले, "फराळाचं काय? त्याचाही हिशेब?" मी उत्तर देण्याआधीच आई म्हणाली, "चार दिवस त्या यंत्रालाही सुट्टी द्या. मी वाढेन तेवढंच खायचं, म्हणजे झालं." यंत्रापेक्षा हा हिशेब कडक आहे हे बाबांना ठाऊक असल्यामुळे ते गप्प बसले.

वाचकहो, तुम्ही अॅप वापरा किंवा वापरू नका. पण दिवाळीच्या पहिल्या आंघोळीनंतर फराळाची ताटे भराल, तेव्हा ती एकदा मोजून पाहा. घरातली माणसे जितकी, तितकी ताटे आहेत ना? एक कमी भरले, तर ते कोणाचे, हे शोधायला कॅमेरा लागणार नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे नुसते वळून पाहिले तरी पुरे.